चोरओटी

सकाळी आरशासमोर उभ्या राहिलेल्या ऋजुताने साडीचा पदर डाव्या खांद्यावर घेतला आणि आता जळत नाही म्हणून तो तसाच राहू दिला. अपघातात त्या खांद्यातील मज्जातंतू दुखावल्यापासून खांद्यापासून हातभर सुती वस्त्राचा स्पर्शही तिला निखाऱ्यासारखा भासे.

ती आग पूर्वी एकदाच शमली होती, गर्भारपणात. पाचव्या महिन्यात गर्भ गेला आणि पाठोपाठ आग परतली. डॉ. मंगरुळकरबाईंनी तिला त्यामागचे मर्म उलगडून सांगितले. गर्भावस्थेत वाढणाऱ्या एका संप्रेरकाचे रूपांतर मज्जातंतूंतील एक विकर, म्हणजे एन्झाइम, शामक द्रव्यात करते, आणि वेदनेचे संदेश मंदावतात. ते संप्रेरक अखंड पुरवणारी व विकराला जागे ठेवणारी तांदळाएवढी कुपी त्यांनी तिच्या दंडात बसवली. त्या कुपीला डॉक्टर ‘शामिका’ म्हणत.

मात्र शामिकेमुळे शरीराला गर्भ असल्याचेच भासत राहिले. ऋजुताला फोडणीचा वास सोसेना. खारवलेल्या आवळ्यांवर तिचे मन जाई. नाशिकला लेकीकडे राहून परतलेल्या सासूबाईंनी, माईंनी, हे सारे पाहिले. सुनेच्या हातावर उपचार चालू आहेत, एवढेच त्यांना ठाऊक होते. अशी वार्ता आरंभी उच्चारू नये या रिवाजाने त्यांनी काही विचारले नाही. तिसऱ्या महिन्याच्या हिशेबाने एका दुपारी त्यांनी देवासमोर पाट मांडला आणि कुणालाही न सांगता भरायची ती चोरओटी भरली.

“आवळ्यांची बरणी रिकामी झाली, तरी म्हातारीला कळायचं नाही होय?” त्या हसून म्हणाल्या.

तो आनंद मोडवेना, म्हणून ऋजुताने ओटी पदरात घेतली. दुसऱ्या दिवशी तिने डॉक्टरांना विचारले की, वेदना शमलेली ठेवून शरीराचा हा भ्रम तेवढा दूर करता येईल का. त्या दोहोंना विलग करण्याचा मार्ग अद्याप सापडलेला नाही, असे त्यांनी खिन्नपणे सांगितले. कुपी काढता येईल. पण आग परतेल.

सायंकाळी ती माईंजवळ बसली.

“माई, पोटात कुणी नाही. हाताची आग विझावी म्हणून देहाला तसं भासवणारी कुपी दंडात बसवलीय.”

माईंची नजर तिच्या दंडाकडे गेली.

“आणि ती काढलीस तर?”

“पुन्हा पेटेल.”

“मग नको काढूस, बाळ.” त्यांनी तिचा डावा हात हलकेच हाती घेतला. “मागे आपण सगळे रडलो. तुझ्या देहाला मात्र रडू दिलं नाही. पण येणार नसलेल्या जिवाची तो किती दिवस वाट बघत बसेल गं?”