सहा नंबरचा झोन

सरकून बसा रे, जरा वारा येऊ द्या. लाइट यायला अजून तासभर तरी लागेल. तोवर मोबाइलच्या उजेडात एकमेकांची तोंडं बघत बसण्यापेक्षा माझं ऐका. गोष्ट नाही हं, घडलेलं आहे. ज्याच्या बाबतीत घडलं तो माझ्याच हाताखाली काम शिकला. थापा मारायची त्याला सवय नाही. आयुष्यात एकदाच मारली, आणि तेच तुम्हाला सांगतोय.

त्याला सगळे टेस्टर म्हणायचे, कारण खिशात कायम टेस्टर. त्याच्या लग्नाचा फोटो बघा, नव्या कोऱ्या कोटाच्या खिशातून पिवळी मूठ डोकावतेय. बायको अजून त्यावरून ऐकवते. पण माणूस कामाला चोख. एक वायर वाकडी गेली तर अख्खी पट्टी काढून पुन्हा लावणारा. आम्ही चेष्टा करायचो, की हा भिंतीला विचारून खिळा ठोकतो.

काम एका हॉस्पिटलचं होतं. तळमजला आणि वर तीन मजले, चाळीस खाटा. जुनीच इमारत, रंगरंगोटी करून नवी केलेली. खाली नातेवाइकांच्या बाकांशेजारी त्याने आगीच्या अलार्मचं पॅनल बसवलं. लाल पत्र्याची पेटी, आत बॅटऱ्या, पुढे दिव्यांची रांग. आठ झोन. सहावा झोन म्हणजे तिसऱ्या मजल्यावरचा हाडांचा वॉर्ड. आणि त्या वॉर्डात रात्रपाळीची नर्स होती त्याची ताई.

ताई म्हणजे नुसती बहीण नव्हे. आई लवकर गेली, तेव्हा हिने स्वतःची शाळा सांभाळून याला भरवलं, न्हाऊ घातलं, चार धपाटेही घातले. हे कामसुद्धा तिच्याच शब्दावर मिळालं होतं. मोठ्या डॉक्टरांना तिने छाती ठोकून सांगितलं होतं, "माझा भाऊ आहे. त्याने वायर ओढली की तुम्ही खुशाल झोपा."

आता तुमच्यातला हा नवा आलाय, त्याच्यासाठी सांगतो. पॅनलमधून वायर निघते, ती छतावरच्या, धूर ओळखणाऱ्या एकेका डिटेक्टरला शिवत शेवटच्या डिटेक्टरपर्यंत जाते. त्या टोकाला एक इवलासा रेझिस्टर बसवायचा. पॅनल रात्रंदिवस त्या टोकाला विचारत असतं, आहेस का? आणि रेझिस्टर उत्तर देतो, आहे. मधे कुठे वायर तुटली की उत्तर येत नाही, मग पिवळा दिवा लागतो. पिवळा म्हणजे बिघाड, लाल म्हणजे आग. एवढंच शास्त्र.

सोमवार, सतरा नोव्हेंबर. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला तपासणीचे साहेब येणार. संध्याकाळी सहा वाजता सात झोन हिरवे झाले आणि सहाव्याला पिवळा. वरचं छत बसवणाऱ्यांनी कुठेतरी वायर कापली होती. कुठे, ते देवालाच ठाऊक. छत बंद झालेलं, रंग अजून ओला, खाली नऊ पेशंट झोपलेले, त्यातल्या चौघांचे पाय वजनं लावून टांगलेले. शोधायला रात्र पुरली नसती.

ठेकेदार आला, पिवळा दिवा बघितला आणि कपाळाला हात लावला.

"अरे, रेझिस्टर पॅनलमध्येच टाक ना."

"तसं चालत नाही," टेस्टर म्हणाला.

"उद्या दुपारपर्यंत चालतं. साहेब काय हाडांच्या वॉर्डात धूर करून बघणार आहेत? झाकली मूठ सव्वा लाखाची. ते गेले की छत उघड आणि तुझी वायर ओढ. नाहीतर उद्या मोठे डॉक्टर विचारतील, कुणाच्या भावाला काम दिलं होतं?"

कळलं ना त्याने काय करायला सांगितलं ते? वॉर्डाची वायर सोडवून बाजूला ठेवायची आणि रेझिस्टर पेटीच्या आतच जोडायचा. पोरगा शाळेतच नाही, आणि पहिल्या बाकावरच्याने त्याची हजेरी द्यायची. मास्तर खूश! आपल्या धंद्यातलं पाप हेच, आणि ते करायला दोन मिनिटं लागतात. तुम्हीही मनात आणलेलं असणार, माना हलवू नका.

टेस्टरने ते केलं. हात थरथरलासुद्धा नाही, याचंच त्याला पुढे जास्त वाईट वाटलं. सहाव्याला हिरवा दिवा लागला.

सात वाजता ताई डबा घेऊन ड्युटीवर आली. पॅनलसमोर उभी राहिली, कौतुकाने बघितलं.

"झालं का रे सगळं? आमच्या वरचंही?"

"झालं."

"शहाणा माझा," म्हणाली आणि जिना चढून गेली.

निघताना त्याने वॉचमनला समजावलं, "नवं पॅनल आहे, दोन दिवस उगाच ओरडेल. ओरडलं की हे सायलेन्स दाबायचं, मग हे रीसेट. घाबरायचं नाही." हे तर आपण सगळेच सांगतो. कटकट नको म्हणून सांगतो.

घरी जेवण गेलं नाही. झोपही लागेना. बायको म्हणाली, "काय झालंय?" तो म्हणाला, "पित्त." छताकडे बघत पडून राहिला. मनात एकच घोकत होता, उद्या दुपारी करू, उद्या दुपारी नक्की.

रात्री एक वाजून बावीस मिनिटांनी फोन वाजला. वॉचमन.

"साहेब, ते पॅनल परत ओरडतंय."

"कुठला दिवा?"

"लाल. सहा नंबर."

टेस्टर उठून बसला. "सहा असूच शकत नाही. नीट बघ."

"सहाच आहे साहेब. तीनदा बंद केला. पुन्हा लागतो."

"वर जाऊन बघितलंस?"

वॉचमन हळूच म्हणाला, "तुम्हीच म्हणाला होतात... उगाच ओरडेल म्हणून..."

आता इथे त्याने काय म्हणायला हवं होतं? पळ वर, म्हणायला हवं होतं. पण डोक्यात कारागीर बसलेला असतो ना! सहा नंबरला वायरच नाही, मग वरची आग खाली कळणार कशी? म्हणजे पॅनलमध्येच काहीतरी शॉर्ट झालंय. तो म्हणाला, "हात लावू नकोस. मी येतो."

ताईला फोन लावला. रिंग गेली, गेली, बंद झाली. पुन्हा लावला. तसंच. रस्ता रिकामा होता, दहा मिनिटांचं अंतर त्याने सहात कापलं. आणि कुठल्यातरी वळणावर त्याच्या डोक्यात आलं. वॉर्डातली नर्स दोनदा फोन का उचलत नाही?

हॉस्पिटलमध्ये शिरला तेव्हा घड्याळात एक चौतीस. हूटर बंद होता. वॉचमनने चौथ्यांदा सायलेन्स दाबलं होतं. बाकं रिकामी. पॅनलवर सहाचा दिवा... लाल.

त्याने किल्ली लावून पेटी उघडली. सगळं त्याने ठेवलं होतं तसंच. रेझिस्टर आत जोडलेला. वॉर्डाची वायर बाजूला, टोकाला टेप गुंडाळलेली, कशालाच न लागलेली.

रीसेट दाबलं. सगळे दिवे हिरवे झाले. तो मनात मोजू लागला. एक. दोन. तीन. चार...

लाल.

त्याने रेझिस्टर उपटून काढला. आता पिवळा लागायला हवा. लागणारच. दुसरं काही होऊच शकत नाही.

लाल.

"पॅनलचा मेन स्विच पाड," तो वॉचमनला म्हणाला. वॉचमनने पाडला. पॅनल बॅटरीवर गेलं. टेस्टरने बॅटरीची तार खेचली. हिरवे दिवे विझले. अक्षरं विझली. पेटी मेली.

सहा नंबर...

लालच.

वॉचमन दोन पावलं मागे सरला. "साहेब... हा कशावर चालतोय?"

त्या दिव्याकडे बघता बघता टेस्टरच्या ध्यानात आलं, की आपण पुन्हा तेच करतोय. दिवा बंद करायच्या मागे लागलोय. आणि तेवढ्यात वरून आवाज आला. लोखंडी चाकं फरशीवरून ओढल्याचा. थांबला. पुन्हा आला.

तो धावला. एक मजला. दोन. दुसऱ्या जिन्याच्या वळणावर नाकात वास शिरला. तिसऱ्यावर धूर. छताखाली पांघरुणासारखा पसरलेला. त्याने वॉर्डाचं दार ढकललं.

वॉर्डात कुणीच नव्हतं.

नऊ खाटा... एकही नाही. फरशीवर एक चप्पल. एक सांडलेला पेला. वर त्याने स्वतः लावलेले पांढरे डिटेक्टर. रांगेने. मुके.

"ताई..."

तो व्हरांड्यात आला.

"ताई!"

"इकडे! दार लावून घे, धूर येतोय!"

व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला, जाड दाराच्या पलीकडे, नऊच्या नऊ खाटा एकीला एक खेटून उभ्या होत्या. टांगलेले पाय तसेच टांगलेले. ताई आणि वॉर्डातली मावशी शेवटची खाट आत ओढत होत्या. टेस्टरने भिंतीवरचा लाल सिलिंडर काढला आणि धूर येत होता त्या खोलीत घुसला. चादरींची खोली होती ती. रंगाऱ्यांनी थिनरने भिजलेल्या चिंध्या तिथेच कोंबून ठेवल्या होत्या, आणि वरच्या बोर्डातून ठिणग्या पडत होत्या. त्याने ती आग विझवली. अजून पाच मिनिटं गेली असती तर ते एका सिलिंडरचं काम राहिलं नसतं.

बाहेर येऊन तो भिंतीला टेकून खाली बसला. ताईने त्याला पाणी दिलं.

"तुझा माणूस कुठे गेला?" तिने विचारलं.

"कुठला माणूस?"

"अरे, तुझाच असणार. त्यानेच तर मला उठवलं. टेबलावर जरा डोळा लागला होता. एकदम मनगट धरलं कुणीतरी. म्हणाला, बेल वाजतेय, खाली बंद करतायत. वर कुणी येणार नाही. तुम्ही उठा." तिने चादरींच्या खोलीकडे बोट केलं. "ओढतच नेलं मला त्या खोलीपाशी. धूर दिसला तशी मी मावशीला हाक मारली. मागे वळले, तर नव्हता."

"कसा होता दिसायला?"

"दिवे मंद होते रे... तोंड नाही दिसलं. पण हात... भयंकर गरम."

टेस्टरने पाणी खाली ठेवलं. मग म्हणाला, "ताई, मी संध्याकाळी झालं म्हणालो ना... झालं नव्हतं."

आणि सगळं सांगून टाकलं. रेझिस्टर, ठेकेदार, वॉचमनला काय शिकवलं ते. रडला तो, लाज न बाळगता रडला. ताईने त्याच्या डोक्यावर हात ठेवला नाही. नेहमी ठेवायची. दाराच्या काचेतून त्या खाटांकडे बघत एवढंच म्हणाली, "नऊ जण होते रे."

सकाळी ठेकेदार यायच्या आत टेस्टर मोठ्या डॉक्टरांपुढे उभा राहिला. मग साहेबांपुढेही. काय व्हायचं ते झालं, सहा महिने त्याला कुणी कामावर उभं केलं नाही. पण ती वायर त्यानेच ओढली. छत उघडून, तुटलेलं टोक शोधून, एकेका डिटेक्टरला धूर दाखवून. ताई शेजारी उभी राहून प्रत्येक वेळी खालून हूटर ऐकू येतो का ते बघत होती.

चादरींच्या खोलीतलं जळकं कपाट हलवलं तेव्हा मागे भिंतीत एक जुनी पेटी सापडली. रंगाच्या पाच-सहा थरांखाली. काच फोडून बटण दाबायची, तसली. काच फुटलेली. बटण आत जाऊन रुतलेलं. वायर वीतभर आत, मग काही नाही.

वॉचमनने ती बघितली. म्हणाला, "इथे पूर्वी कचेरी होती साहेब. आग लागली तेव्हा वरचा एक कारकून राहून गेला. इथेच सापडला, भिंतीशी. खाली सगळे दिवे हिरवेच होते म्हणे..."

मनगटाचं ताईने दोन दिवस कुणाला सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी इंजेक्शन भरताना बाही वर गेली आणि डॉक्टरांनी बघितलं. विचारलं, आगीत हात घातला होता का? ती तर खोलीच्या आत गेलीच नव्हती. मावशी साक्षीला आहे.

भाजल्याच्या खुणा होत्या. अंगठा आणि चार बोटं, मुठीत धरल्यासारखी. टेस्टरने स्वतःचा हात त्यावर ठेवून बघितला. जुळला नाही. मावशीचाही नाही.

मी पाहिल्यात त्या. अजून आहेत. चार बोटं अगदी पेरांसकट उमटलीत. अंगठा, बटण दाबायचं बोट... ते तेवढं अर्धंच आहे.