वरची खाडी

"आमचा दगड चोरीला गेला," मावशी दारातूनच म्हणाली. "आणि संध्याकाळी साहेब टेकडीला कुलूप ठोकणार."

दाजींनी खुर्ची पुढे केली. ती बसली नाही. खासगी तपास हा दाजींचा धंदा. 'दाजी' हे नाव मात्र सोबतीला फिरणाऱ्या मेहुण्यामुळे सगळ्यांच्या तोंडी बसलेलं.

समोरच्या बेटावरच्या टेकडीवर एक काळा दगड होता. जुन्या देवाची माणसं त्याला देव म्हणत, चर्चची माणसं संत. दोघांचे दिवे एकाच कोनाड्यात, आणि दोघांचीही काजळी पुसायला मावशीच. आज सकाळी कोनाडा रिकामा होता. भिंतीवर कोळशाने क्रूस काढलेला आणि त्याखाली ओळ: 'तुमचा देव वरच्या खाडीत बुडवला.'

"खाडी शोधलीत?"

"गाळ उपसला. खेकडे मिळाले. आता पोरं काठ्या घेऊन चर्चकडे निघालीत. मी म्हटलं, आधी दगड दाखवा, मग डोकी फोडा."

गोऱ्या साहेबाला वर्षभरापासून त्या टेकडीवर तोफा बसवायच्या होत्या. दोन धर्म भांडले की टेकडी सरकारजमा, हा त्याचा हुकूम.

होडी बेटाला लागताच मेहुण्याने विचारलं, "चर्च कुठे?"

"असंच वर जा," मावशी म्हणाली.

मेहुणा टेकडी चढून घामाघूम होऊन परतला. "दाजी, वर नुसत्या शेळ्या!"

"अरे बाबा, वर म्हणजे वारा येतो तिकडे, दक्षिणेला," मावशी हसली. "वारा पाठीवर घेतलास की खाली."

पाद्री बेटावरच जन्मलेला. काठ्यांसमोर तो दारात हात पसरून उभा होता.

"रात्री कुठे होतात?" दाजींनी विचारलं.

"खाली, उत्तरेच्या धक्क्यावर. होडीला डांबर लावत होतो. तो दगड माझ्या आईचाही होता हो."

मोजणीदार साहेबाचाच माणूस, बेटावर नुकताच आलेला. त्याच्या तंबूत बेटाचा नकाशा टांगलेला. एक खाडी माथ्याशी, दुसरी तळाशी.

"क्रूस दिसत नाही का तुम्हाला?" तो चिडला. "साहेबाला आपली लिपी येत नाही, नाहीतर त्याच्यावरही संशय घ्याल!"

"छे, छे," दाजी म्हणाले आणि चार कोळ्यांना उत्तरेच्या खाडीवर पाठवलं.

संध्याकाळी साहेब कुलूप घेऊन आला. मागे मोजणीदार. पायवाटेवर सगळं बेट उभं होतं आणि चिखलाने माखलेला काळा दगडही.

"कुठे मिळाला?" मोजणीदार दचकला.

"वरच्या खाडीत. ती कुठली, दाखवा बरं."

मोजणीदाराचं बोट सरळ उत्तरेकडे गेलं. गर्दीतून हसू फुटलं आणि लगेच विझलं.

"इथलं शेंबडं पोरसुद्धा त्या खाडीला खालची म्हणतं," दाजी म्हणाले. "म्हणून सगळे दिवसभर दक्षिणेला गाळ उपसत राहिले. ओळ बेटावरच्या माणसाने लिहिली असती, तर दगड तिथेच मिळाला असता. लिहिणाऱ्याचं 'वर' नकाशातलं होतं. बाहेरचे इथे दोघेच. साहेबाला लिपी येत नाही, राहिलात तुम्ही. दगड लगेच सापडावा, माथी भडकावीत, म्हणून तर पत्ता दिलात. तुमच्याच शब्दाने पोरांची डोकी वाचवली."

"पण साहेबांनीच तर..." मोजणीदार बोलून गेला आणि त्याने जीभ चावली.

मेहुण्याने कपाळावर हात मारला. "म्हणजे मी चुकलो तसाच हाही चुकला!"

"तू नुसताच दमलास, मेहुण्या."

साहेब लाल झाला. "नकाशा सरकारी आहे. त्यात वर म्हणजे उत्तर. आणि टेकडी सरकारची!"

मावशी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. "मग कुलूप नकाशाला लावा."

पाद्र्याने दगडाला एका बाजूने हात घातला. सकाळी त्याच्यावर काठी उगारणाऱ्या पोराने दुसऱ्या बाजूने. "उचल," मावशी म्हणाली.

वाट अरुंद होती. साहेबालाच बाजूला व्हावं लागलं.