पाय खाडीतच धुवायचे

बाबा गेल्यापासून आईचं जेवण तुटलं. भात कालवायची, दोन घास खायची आणि ताट सरकवून द्यायची. रोह्याच्या डॉक्टरांना काही सापडलं नाही. मी कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करतो, रिपोर्ट मला वाचता येतात. आईच्या रिपोर्टात सगळं ठीक होतं आणि आई वाळत चालली होती. बाबांपाठोपाठ हीही जाते की काय, अशी मला धास्तीच बसली होती.

शेवटी विचारलं, "आई, काय खावंसं वाटतं ते तरी सांग."

"खायाचं काय नाय रं प्रणित. एकदा कोंडी तुडवायची हाय. बेटावरची."

म्हणून शिफ्ट बदलून घेतली आणि तिला पेणच्या खाडीवर आणलं. काळुरामकाकांची होडी ठरवली. काका बाबांबरोबर मिठागरात राबलेले. बेटावरचं मिठागर कधीच बंद पडलंय. आता भरतीचं पाणी आत-बाहेर सोडायची जुनी दगडी उघाडी बघायला लोक येतात, फोटो काढतात आणि वेफर्सची पाकिटं टाकून जातात. पावसाळा सरला होता, ऊन गोड लागत होतं. होडीत आई चक्क गुणगुणायला लागली. मला एकदम हलकं वाटलं.

कोंडी म्हणजे खारं पाणी आटवायचा चौकोनी वाफा. पाणी घेण्याआधी त्याचा तळ पायांनी तुडवून गुळगुळीत करतात, नाहीतर मिठात चिखल येतो. आई-बाबा हे समोरासमोर उभे राहून करायचे. आई मागे मागे सरकायची आणि तिच्या पावलांमध्ये उंच राहिलेली माती बाबा पुढे येत दाबायचे. एकट्याने तुडवली की उंचवटे राहतातच.

"बूट काढ," आई बांधावर म्हणाली.

"मी कुठं उतरतोय? इथंच बसतो. तू भागव तुझी हौस."

आईने पदर खोचला आणि गवत माजलेल्या कोंडीत उतरली. समोर कुणी असावं तसे हात पुढे धरून मागे सरकू लागली. थप. थप. चेहरा अगदी निवांत. मी बघत राहिलो. चिखलाचा खारट वास, पाठीवर ऊन, पलीकडे चार बगळे. इतकं बरं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

मग लक्षात आलं, आईच्या एका पावलाला दोन आवाज येत होते.

प्रतिध्वनी असेल म्हटलं. पण या सपाट खाडीत आवाज आपटणार कशावर? मी कान देऊन ऐकलं. दुसरा आवाज जड होता. जवळचा होता.

पुढचं आठवत नाही. डोळा लागला असावा.

"आटपा रं, पानी भरलं!" काका होडीतून ओरडत होते. भरती आली होती. कोंडीत गवताची काडी उरली नव्हती. तळ सारवलेल्या अंगणासारखा दिसत होता. उंचवटा एकही नव्हता.

"बेस तुडवलीत दोघांनी," काका म्हणाले.

"मी बांधावर होतो, काका."

काका होडीची दोरी सोडायला वळले.

आईने खाडीत पाय खसखसून धुतले. "तू बी धू. कोंडीचा चिखल घरी न्यायचा नसतो. नेला तर ती परत बोलावते. तुझा बाप कदी इसरला नाय."

"अगं, माझे बूट कोरडे आहेत," मी हसलो.

घरी आल्याबरोबर आईने बोंबील तळले. जेवायला बसली आणि पुन्हा भात वाढून घेतला. मी दारातून बघत होतो. डोळे भरून आले. एरवी मी देवाला हात जोडत नाही, तेव्हा जोडले.

मग बूट काढले.

मोजे स्वच्छ होते.

मोज्यांच्या आत, घोट्यापर्यंत, राखाडी चिखल वाळून तडकला होता. बोटांच्या बेचक्यांतसुद्धा.

आई हात धुवून आली. तिने माझ्या पायांकडे पाहिलं. ती घाबरली नाही. कितीतरी दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर टवटवी होती.

"नाय ना धुतलंस?" ती म्हणाली. "असू दे. अजून पुष्कळ कोंड्या रायल्यात. जेव आता पोटभर."

मलाही सपाटून भूक लागली होती. आईने पुढ्यात ताट ठेवलं. काठाला पोचा आलेलं, बाबांचं. ते गेल्यापासून तिने त्या ताटाला कुणाला हात लावू दिला नव्हता.

मी जेवायला लागलो. माझ्याच ताटात जेवतोय असं वाटत होतं.