थांबवा हं, आलेच

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण यात मी पदरचं एक अक्षर घातलेलं नाही. माझे मामा अजून त्याच खोलीत राहतात, घड्याळांच्या दुकानावर, जिन्याला लागून. आणि हे सुरू झालं ते रविवारी, भर दुपारी, खिडक्या सताड उघड्या असताना.

मामा घड्याळजी. जन्मभर डोळ्याला भिंग लावून बसलेला माणूस. बंद पडलेलं काहीही त्यांच्या हातात द्या, ते मुकाट टिकटिकायला लागायचं.

दुसरा नाद सिनेमाचा. जिवापाड आवडते तेवढेच सिनेमे त्यांनी टीव्हीवरच्या फळीवर वेगळे लावून ठेवले होते. त्या डीव्हीडींच्या डब्यांना दुसऱ्या कुणाचं बोट लागलेलं त्यांना खपत नसे. त्यातही लाडका होता तो दीपगृहाच्या रखवालदाराचा. वादळ उठलंय, दिवा विझलाय, बायको होडीतून परत येतेय. म्हातारा कंदील घेऊन जिना चढतो. दिवा लागतो... पण होडी रिकामीच किनाऱ्याला लागते.

मामींना हा शेवट सोसत नसे. कुठलाच शेवट सोसत नसे. जिवाला जरा घोर लागला की त्या उठायच्या. "थांबवा हं, आलेच."

मग आत नळाची धार. कपबशांचा आवाज. आणि हळू गुणगुणणं, 'दिवा नको रे विझवू, वाट उरली थोडीशी.'

मामांनी सिनेमा कधीच थांबवला नाही. ऐन रंगात आलेला सिनेमा थांबवायचा म्हणजे त्यांना भरल्या ताटावरून उठवल्यासारखं वाटे. मामी पदराला हात पुसत यायच्या तोवर पडद्यावर नावं सरकत असायची.

"काय झालं हो शेवटी?"

"बघायचा होतास."

ते काही सांगायचे नाहीत. मग मामी आपल्या मनानेच शेवट रचायच्या आणि शेजारणीला रंगवून सांगायच्या. होडीतून बायको सुखरूप उतरते, दोघं पायरीवर बसून पोटभर हसतात. ते कानावर पडलं की मामांच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

गेल्या हिवाळ्यात हाच सिनेमा लागला होता. मामी नेहमीसारख्या उठल्या. "थांबवा हं, आलेच."

मामांनी थांबवला नाही.

सगळी नावं सरकून संपली...

नळ चालूच होता.

मामी गेल्या, आणि त्यानंतर मामांची नजर उतरायला लागली. बघावं तिथे मधोमध काळा डाग. डॉक्टरीणबाईंनी आडपडदा ठेवला नाही. बघायचं असेल ते बघून घ्या, म्हणाल्या. मामांनी दुसरं काही मागितलं नाही. फळीवरचे सिनेमे एकदा, शेवटासकट, डोळे भरून बघायचे. बस.

त्या रविवारी त्यांनी रखवालदार लावला. म्हातारा कंदील घेऊन जिना चढू लागला...

आणि चित्र गोठलं.

मामांनी बटणं दाबली. डीव्हीडी पुसून पुन्हा घातली. पुन्हा तीच पायरी. दुसरा सिनेमा लावला, तिसरा लावला. सगळे शेवटाच्या तोंडाशी येऊन ठप्प. मामांनी यंत्र खोललं, उरल्यासुरल्या नजरेने, भिंग लावून. काही सापडलं नाही. नवं यंत्र आणलं. तेही तसंच. शेजाऱ्याने दिलेले टुकार सिनेमे मात्र नावांपर्यंत सुरळीत चालायचे. मामा वैतागून यंत्राला म्हणाले, "माझ्याच मुळावर उठलायस का रे?"

तेवढ्यात आत...

नळाची धार.

मामा भिंत धरून स्वयंपाकघरात गेले. नळ बंद होता. मोरी कोरडी होती. फक्त पालथ्या ठेवलेल्या एका कपातून पाणी निथळत होतं.

आणि मागे, खोलीत, सिनेमा सुरू झाला.

वादळ ऐकू आलं. मग होडी टेकल्याचा आवाज. मग... हसणं. बाईचं आणि म्हाताऱ्याचं. त्या सिनेमात शेवटी कुणीही हसत नाही, हे मामांइतकं कुणाला ठाऊक?

ते धडपडत बाहेर आले. गुडघा दाराला आपटला. पडद्यावर नावं सरकत होती. मामींच्या खुर्चीवरची उशी खोल दबलेली होती.

त्यांनी विचारलं. तोंडातून निघूनच गेलं.

"काय झालं गं शेवटी?"

उशीकडून मामींचा आवाज आला.

"बघायचा होतात."

तेव्हापासून हाच छळ. मामा बसून राहिले की चित्र गोठलेलं. ते उठून आत गेले की सिनेमा सुरू. आत अजिबात न जाण्याचा हट्टही त्यांनी करून पाहिला. पायरीवर म्हातारा, खुर्चीत मामा. दोघंही तसेच. इकडे डाग पसरत राहिला.

मी गेले तेव्हा मामांना फक्त उजेड आणि सावली एवढंच कळत होतं. हे सगळं त्यांनी चिडचिडत सांगितलं, एखाद्या भांडकुदळ भाडेकरूबद्दल सांगावं तसं. टीव्ही चालूच होता. पायरीवर तोच म्हातारा. मी म्हटलं, मामा, आता पुरे. टीव्ही बंद केला आणि वायर भिंतीतून उपटून ठेवली. मी चपला घातल्या, दार ओढून घेतलं.

अर्धा जिना उतरले असेन...

वर कुणीतरी बोलत होतं. हलक्या आवाजात, रंगवून रंगवून, मामी शेजारणीला सांगायच्या तसं. मध्येच मामांचा आवाज. लहान मुलासारखा.

"मग? होडी आली?"

मी कठडा घट्ट धरला.

खुर्ची सरकली. बांगड्या किणकिणल्या.

"थांबा हं, आलेच."

"अगं, शेवट तरी सांगून जा!" मामा कळवळून म्हणाले.

आणि आत नळ सुरू झाला.