संगिताताईच्या संगणकात कोण शिरलं?

"नको! हात लावू नको त्याला!" कोमल किंचाळली आणि सरळ टेबलाखाली जाऊन बसली.

पुजाने हात लावलाच नव्हता! तरीही पडद्यावर एक लाल चौकट टपकन उघडली. तिच्यावर दुसरी. मग तिसरी!

"वाच ना, काय लिहिलंय!" हरीश म्हणाला. कोमल पुजाची मैत्रीण, हा तिचा थोरला भाऊ. तेरा वर्षांचा, विहिरीत वरून सूर मारणारा. आत्ता मात्र तो दारात उभा होता, एक पाय बाहेर ठेवून.

पुजाने एकेक इंग्रजी अक्षर जुळवलं. "युवर... कॉम्प्युटर... इज इन... डेंजर. तीनशे सतरा व्हायरस सापडलेत."

"तीनशे सतरा!" टेबलाखालून आवाज आला. "चावतात का गं ते?"

कुणीच हसलं नाही.

गोरेगावच्या जीप स्टँडजवळ उकंडरावांचं हे संगणक केंद्र होतं. पत्र्याची एक खोली, एक संगणक, एक प्रिंटर. पुजाची मोठी बहीण संगिता इथं काम करायची. रोज तांड्यावरून दोन किलोमीटर चालत यायची. तांड्यातली नोकरी करणारी ती पहिलीच मुलगी. आणि ती नोकरी आज चार वाजेपर्यंतच उरली होती!

सकाळी उकंडराव संगितावर कडाडले होते, "परवा, बुधवारी तुही बहीण इथं बसून चित्रं काढत होती. तिनंच कसली तरी गेमची सीडी घातली! मशीन पार बिघडलं. मी हिंगोलीहून मेकॅनिक घेऊन येऊन राहिलो, चारच्या जीपनं. तोवर कशाला हात लावायचा न्हाई. तो आला की चाव्या ठेव अन् घरी जा!"

पुजाने सीडी घातली नव्हती. तिने फक्त एक मोर काढला होता. पण सकाळपासून तिला वाटत राहिलं, मोर काढताना चुकून काही दाबलं गेलं असेल तर? आपल्यामुळेच ताईची नोकरी गेली तर?

दोन वाजता लाइट आली तेव्हा संगिता बाहेर पायरीवर बसून होती. पोरं आत शिरलेली पाहून ती दचकून उठली.

"पुजा, बाहेर ये! मालक न्हाई म्हणलेत. माही नोकरी जाईल!"

"ती तशीबी चाललीच ना ताई," पुजा म्हणाली. "मला फक्त बघू दे. माह्या हातून झालं का ते तरी कळू दे!"

संगिता परत पायरीवर बसली, रस्त्याकडे नजर ठेवून.

तेवढ्यात हरीशने टेबलाकडे बोट केलं. "ते बघा! तो दिवा!"

फोनच्या तारेला जोडलेला चपटा डबा होता. त्याच्यावरचा हिरवा दिवा लुकलुकत होता. इंटरनेट चालू असलं की तो असा लुकलुकायचा. पण आत्ता कुणीच काही उघडलेलं नव्हतं!

"म्हंजे," कोमल कुजबुजली, "आत कुणीतरी फोनवर बोलून राहिलंय."

एकदम पुढे होऊन पुजाने फोनची तार उपटली. दिवा विझला. खोलीत नुसत्या पंख्याची घरघर उरली.

"आता बोल म्हणावं!" हरीश म्हणाला आणि दारातला पाय आत घेतला.

पडद्याच्या कोपऱ्यात, घड्याळाशेजारी, चिमुकली चित्रं ओळीनं बसली होती. एक भिंग, एक ढाल, एक हसरा चेहरा, आणखी दोन. "ही पाच आधी नव्हती," संगिता हळूच म्हणाली. भीत भीत तीही जवळ आली होती. "पुजा, प्रोग्राम ठेवतात ती जागा उघड. कोणता कधी आला ते त्याच्या माहितीत लिहिलेलं असतं. तारीख अन् वेळ, दोन्ही."

पुजाने उघडलं. पाचही नावं तिथं होती. आणि त्यांच्यावर सहावं होतं, नव्या ब्राउझरचं. ब्राउझर म्हणजे इंटरनेटची पानं दाखवणारा प्रोग्राम.

"ब्राउझर... मंगळवार, बारा वाजून वीस मिनिटं," पुजा वाचू लागली. "भिंग, बारा एकवीस. ढाल, तेबी बारा एकवीस. हसरा चेहरा, बारा बावीस... अरे! सगळे ब्राउझरच्या पाठोपाठ आले!"

"एका पाहुण्याला बोलवावं अन् त्यानं गावची पाच माणसं आणावीत, तसं," हरीश म्हणाला.

"मंगळवार!" पुजा उभीच राहिली. "ताई, मंगळवारी आपण औंढ्याला होतो, मामाच्या लग्नात! मी न्हाई केलं! मी न्हाई केलं!" आणि तिला रडूच फुटलं. संगिताने तिला पोटाशी धरलं.

"मग कुणी केलं?" कोमल टेबलाखालून बाहेर आली. "अन् बाराला? या आठवड्यात नऊ ते दोन लाइटच नसते की!"

खरंच! लोडशेडिंगचं वेळापत्रक गावातल्या बारक्या पोरालाही पाठ होतं. मंगळवारी बारा वाजता गोरेगावात एक पंखासुद्धा फिरत नव्हता. मग संगणक चालला कसा?

"जनरेटर!" हरीश ओरडला. केंद्राबाहेर उकंडरावांचा जनरेटर होता, पण तो क्वचितच चालायचा.

कोमल धावत समोर गेली. तिथं नर्मदामावशींचं चहाचं हॉटेल होतं. मावशींचा आवाज इथपर्यंत ऐकू आला.

"मंगळवारी? चालू होता की! लाजच न्हाई त्या उकंडरावला! भर दुपारी स्वतः दोरी ओढून सुरू केला. सगळी काजळी माह्या कुरडयावर! दोन पायल्या गव्हाच्या कुरडया, पोरी, काळ्याभोर झाल्या!"

कोमल परत आली, पण सावकाश. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. लाल चौकटींपेक्षा ही भीती वेगळी होती. उकंडराव! ज्यांच्यासमोर गावातली मोठी माणसंसुद्धा जपून बोलायची! त्यांना कोण सांगणार की हे तुम्हीच केलं?

"आधी ह्या पाचांना काढू," पुजा डोळे पुसत म्हणाली. "चारला एक तास आहे."

भिंग निघालं. ढाल काढताना मात्र पडद्यावर मोठा इशारा आला: हे काढल्यास तुमचा संगणक असुरक्षित होईल. तुम्हाला खात्री आहे का?

पुजाला खात्री नव्हती. "ताई, मशीन कायमचं बंद पडलं तर?"

"आपल्याला घाबरवूनच तर त्याला इथं राहायचंय," संगिता म्हणाली. "दाब."

ढाल गेली. पाठोपाठ दोन गेले. हसरा चेहरा हटेना! "हा प्रोग्राम चालू आहे, काढता येत नाही," असं तो पुन्हा पुन्हा सांगत राहिला, हसत हसत! मग संगिताने तीन बटणं एकदम दाबली. आत गुपचूप चाललेल्या सगळ्या कामांची यादी समोर आली. त्यात त्याचं नाव सापडलं. आधी त्याला तिथं थांबवलं, मग काढलं.

"आता बंद करून चालू कर," संगिता म्हणाली.

पडदा काळा झाला. एक, दोन, तीन... काळाच! सात, आठ... कोमलने हरीशचा शर्ट मुठीत धरला. बारा, तेरा...

टिंग! निळा पडदा आला. घड्याळाशेजारची जागा स्वच्छ होती. एकही चौकट उघडली नाही.

आणि बाहेर जीपचा हॉर्न वाजला.

"हात लावू नका म्हणलं होतं ना!" उकंडराव दारातच गरजले. मागे पिशवी घेऊन मेकॅनिक ओमप्रकाश उभा होता. "ही तांड्यावरची पोरं..."

"मालक, चूक..." संगिता बोलू लागली, पण पुजा तिच्या पुढे येऊन उभी राहिली.

"काका, मंगळवारी बाराला ब्राउझर टाकला गेला. त्याच्याबरोबर पाच प्रोग्राम आले. आमी औंढ्याला होतो. लाइट नव्हती. जनरेटर..." तिने एकदा ताईकडे पाहिलं. "जनरेटर चालू होता, काका."

उकंडरावांचा चेहरा लाल झाला. हरीशने डोळेच मिटले. ओमप्रकाशने खुर्ची ओढली, नावं आणि वेळा पाहिल्या.

"पोरगी बराबर बोलली, उकंडराव. ब्राउझर टाकताना मधी चौकटी येतात. 'हेबी टाकू का, तेबी टाकू का?' त्यात बरोबरची खूण आधीच करून ठेवलेली असते. न वाचता नेक्स्ट-नेक्स्ट दाबलं की सगळे आत. कुणी टाकला हा?"

मग उकंडराव स्टुलावर बसले. एकदम म्हातारे दिसू लागले.

"मीच," ते म्हणाले. "संगणकाच्या पुस्तकाबरोबर ह्या ब्राउझरची फुकट सीडी आली होती. पण पानंच्या पानं इंग्रजी! मला कुठं वाचता येतं तेवढं? संगिताला विचारायची लाज वाटली. मालकानं कसं विचारावं? म्हणून ती नसताना बसलो. अन् जे येईल त्याला हो म्हणत गेलो." त्यांनी संगिताकडे पाहिलं. "पोरी, चाव्या तुह्याजवळच राहू दे. उगाच बोललो मी. तुलाबी, पुजा."

"मी तर सगळं पुसून नव्यानं भरणार होतो," ओमप्रकाश म्हणाला. "लोकांचं सगळं काम गेलं असतं. शाब्बास रे लेकरांनो!"

"शाब्बासकी पोरांना, अन् माह्या कुरडया?" दारातून नर्मदामावशी गरजल्या. उकंडरावांनी कान पकडले, तेव्हा कुठे खोलीत हसू फुटलं.

संगिताने फोनची तार परत जोडली. दिवा लागला, आणि पडद्यावर एक चौकट उघडली!

सगळे जागच्या जागी थिजले. उकंडरावांचा हात सवयीनं माउसकडे गेला आणि मधेच थांबला. त्यांनी स्टूल पुजाकडे सरकवलं.

"बस बेटा. काय म्हणून राहिलं ते वाच. शेवटपर्यंत वाच. मला घाई न्हाई."

पुजा बसली. या वेळी चौकट लाल नव्हती. अडखळत, एकेक शब्द जुळवत वाचू लागली. आणि तिच्या खांद्यामागून, हलक्या आवाजात, उकंडरावही तिच्याबरोबर वाचत होते.