डाव्या हाताचा कोट

"कारण?" त्याने मान वर न करता विचारलं.

"तुमची बाही उसवली आहे," ती म्हणाली.

त्याच्या पुढ्यातल्या छापील कागदावर कारणांसाठी चौकोन होते – घरातलं माणूस जाणं, नोकरी जाणं, आजारपण, आणि शेवटी ‘इतर’. बाहीला चौकोन नव्हता. म्हणून त्याने मान वर केली. कॉलेजच्या आर्थिक मदतीच्या ऑफिसात मान वर करणं तसं दुर्मीळच. तिथल्या जुन्या कारकुनांनी ते निवृत्तीनंतरसाठी राखून ठेवलं होतं.

बाहेर कंटाळलेला पाऊस पडत होता. तिच्या छत्रीचं पाणी फरशीवर साचत होतं, केसांच्या बटेवर एक थेंब पडू की नको करत थांबला होता, आणि ती त्याच्याकडे अगदी टक लावून पाहत होती. म्हणजे, त्याच्या कोपराकडे. आयुष्यात पहिल्यांदाच एखादी मुलगी आपल्याला असं न्याहाळते आहे, आणि तेही कोपर, याचं त्याला जरा वाईट वाटलं.

तिने स्वेटरच्या आतून सुई काढली. दोरा ओवलेलाच होता.

"हलू नका. टोचलं तर मी जबाबदार नाही."

"ऑफिसही नाही," तो म्हणाला, आणि हलला नाही.

मागची रांग खाकरत राहिली. टाके घालता घालता, नजर टाक्यावर ठेवून, तिने कारण सांगितलं. वडील शिंपी. फक्त कोट शिवणारे. गेल्या थंडीत एका सकाळी कापड बेतताना त्यांचा उजवा हात झोपला, तो पुन्हा उठलाच नाही. डॉक्टरांनी त्या झोपेला एक लांबलचक नाव दिलं होतं. पण कॉलेजने तिची मदत ठरवली होती ती त्याआधीच्या वर्षाच्या कमाईवर, म्हणजे हात जागा असतानाच्या. ज्यांची परिस्थिती मधल्या काळात बदलली त्यांनी अपील करायचं, आणि अपिलाचं टेबल त्याचं. अपील फेटाळलं तर शेवटच्या वर्षाची फी भरणं शक्य नव्हतं. नाव पटावरून जाणार होतं.

तिने दोरा दातांनी तोडला. तोडताना तिचा श्वास त्याच्या मनगटावर आला. त्याने ‘आजारपण’च्या चौकोनात खूण करायची ती दोनदा केली.

मुलं त्याला ‘धाकटे साहेब’ म्हणत, कारण त्या ऑफिसात त्याच्याखाली फक्त टेबल होतं. दुसऱ्या दिवशी तिने अपिलाचा मसुदा आणला तेव्हा तीही तसंच म्हणाली, पण तिच्या तोंडी ते जरा जास्तच गोड होतं, त्यामुळे चेष्टा असणार हे उघड होतं. मसुद्यात लिहिलं होतं की वडिलांची प्रकृती किंचित नरम असून, ऑफिसला तसदी दिल्याबद्दल ती दिलगीर आहे.

"हे वाचून समितीला वाटेल, तुम्ही आमची विचारपूस करायला आला आहात," तो म्हणाला.

जिन्याखालच्या बाकावर बसून त्यांनी तो मसुदा पुन्हा लिहायला घेतला. मागणं ही गोष्ट तिच्या घरात कुणाला येतच नव्हती. ‘हात चालत नाही’ एवढे तीन शब्द लिहायचे, तर पेन दुसऱ्या शब्दापाशी अडायचं. तो घाई करत नसे. पत्र्यावर वाजणारा पाऊस ऐकत बसे, आणि अधूनमधून स्वतःचा अर्धा चहा तिच्याकडे सरकवे... मग अर्धा तरी कशाला प्यायलो असा चेहरा करून दुसरीकडे बघे. शेवटी तिने ते तीन शब्द लिहिले. पेनाला टोपण लावलं. त्याने कागद लगेच उचलला नाही. त्या दिवशी निघताना तो तिला चुकून ‘तू’ म्हणाला. तिने चूक दुरुस्त केली नाही.

टेबलावरच्या माणसाची अर्जदाराशी ओळख नसावी, असा नियम होता. असेल तर त्याने तसं सांगून बाजूला व्हायचं. मग ती फाइल पुन्हा ढिगाच्या तळाशी जायची आणि पुढच्या सत्रात वर यायची. धाकट्या साहेबाने नियमावर खूप विचार केला. ओळख म्हणजे नेमकं काय, इथपर्यंत विचार गेला. मग तो तिच्या वडिलांच्या दुकानात आपल्या कोटाचं अस्तर दाखवायला गेला.

दुकान म्हणजे घराची पुढची खोली. शिंपीबाबा खिडकीशी बसलेले असत, उजवा हात मांडीवर उशीसारखा ठेवून. मशीन तिची आत्या चालवी, पण ती उशांचे अभ्रे शिवण्यापुरती. कोटाला हात लावायची तिची छाती नव्हती. धाकट्या साहेबाचं अस्तर लेकीने शिवलं, मग बटण, मग दुसरं बटण.

"हा मुलगा रोज एक बटण तोडून येतो," आत्या भावाला म्हणाली. "दातांनी तोडतो की काय, विचारा त्याला."

शिंपीबाबांनी विचारलं नाही. कित्येक महिन्यांनी दुकानात एक कोट येत होता, मग तो कसा का येईना.

समितीपुढे हजर राहण्याचा दिवस ठरला, आणि ते कानावर पडताच शिंपीबाबा खुर्चीतून उठले. मोठ्या माणसांपुढे आपली ठकी त्या विटक्या स्वेटरमध्ये जाणार? कपाटात गर्द निळ्या लोकरीचं एक कापड होतं. एका गिऱ्हाइकाने शिवायला टाकलेलं आणि कधीच न नेलेलं. त्यांनी ते टेबलावर पसरलं, खडू डाव्या हातात घेतला आणि पहिली रेघ ओढली. रेघ भलतीकडेच गेली. त्यांनी ती झटकली. पुन्हा ओढली.

टेपचं एक टोक दातांत धरून ते लेकीचं माप घेत. आत्या सुयांत दोरा ओवून ठेवी. दिवसभर शिवायचं आणि संध्याकाळी तेवढंच उसवायचं, असं सुरुवातीला चाललं. मग उसवणं कमी होत गेलं. धाकटा साहेब संध्याकाळी येऊन कापड ताणून धरी. त्याला तेवढंच जमे, आणि तेही नीट नाही, असं शिंपीबाबांचं मत होतं. पण ते मत त्यांनी हसत सांगितलं. आजारपणानंतर ते पहिल्यांदाच हसत होते. आत्या तोंड फिरवून अभ्रे मोजत बसली.

"तो कोट घालून येऊ नकोस," एका संध्याकाळी ती कोपऱ्यापर्यंत सोडायला आली तेव्हा तो तिला म्हणाला. समिती फाइल वाचत नाही, समोरच्या माणसाला बघते. तिथे विटका स्वेटर हवा, हे तो रोज बघत होता.

"माहीत आहे."

"मग?"

"मग तू जाऊन सांग बाबांना."

 चालताना तिचा हात त्याच्या हाताला लागला... आणि दोघांनीही तो तसाच लागू दिला.

समितीच्या दिवशी शिंपीबाबा स्वतः आले. समितीच्या खोलीबाहेरच्या बाकावर ताठ बसून ते येणाऱ्याजाणाऱ्यांचे कोट तपासत होते आणि त्यांना कुणाचाच खांदा पसंत पडत नव्हता. दाराच्या आडोशाला धाकट्या साहेबाने हळूच दोन्ही हात पुढे केले.

"दे इकडे. आतून आलीस की परत घाल. बाबांना कळणारसुद्धा नाही."

तिने वरचं बटण सोडलं. दुसरं सोडलं. मग मागे पाहिलं. बाबांना दाराआडचं दिसत नव्हतं, पण ते मान वाकडी करून तिकडेच बघत होते. कोट आत गेला की मागून कसा पडतो, तेवढंच त्यांना बघायचं होतं. तिने दुसरं बटण लावलं. वरचंही लावलं, आणि आत गेली.

समिती तीन जणांची होती, पण मत अध्यक्षबाईंना एकट्यांनाच होतं. धाकटा साहेब कोपऱ्यात बसून कामकाज लिहीत होता.

"कोट सुंदर आहे," बाई चष्म्यावरून म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता. त्यांना खरोखरच आवडला होता. "कुठून घेतला?"

दुसरी कुणी असती तर उसना आणलाय म्हणाली असती. पण बाबा भिंतीपलीकडे बसले होते.

"वडिलांनी शिवला."

खोलीतल्या माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. अर्जात तर म्हटलं होतं, हात चालत नाही. तिने समजावून सांगितलं – उजवा चालत नाही, हा डाव्याने शिवलाय, एकेक शिवण कितीदा उसवून... बाईंनी तिला जवळ बोलावलं, कॉलर उलटून पाहिली, टाक्यांवरून बोट फिरवलं. इतकं सफाईदार काम करणाऱ्या माणसाला कमाई करता येत नाही, असं म्हणणं म्हणजे त्याचा अपमान आहे, असं त्या मनापासून म्हणाल्या. अपमान टाळण्यासाठी त्यांनी अपील फेटाळलं.

"हा एक कोट व्हायला सगळा हिवाळा लागला, मॅडम," कोपऱ्यातून आवाज आला. "ते बाही लावत होते तेव्हा कापड मी धरलं होतं. दुसरा कोट होणार नाही. हाही पोटासाठी झाला नाही."

कामकाज लिहिणारा माणूस बोलतो, हे समितीला नवीन होतं.

"तुम्ही तिथे होता?" बाईंनी विचारलं. "कोण म्हणून?"

त्याने पेन खाली ठेवलं. तिच्याकडे पाहिलं. ती मानेनेच नको म्हणत होती.

"मला ती आवडते," तो म्हणाला. "पहिल्या दिवसापासून. तिला अजून सांगितलं नव्हतं... आधी तुम्हाला सांगावं लागलं."

बाईंनी शांतपणे त्याच्याकडून कागद मागून घेतला आणि पुढचं कामकाज स्वतः लिहिलं. संबंधित कर्मचाऱ्याचा अर्जदाराशी परिचय असल्यामुळे त्याचं म्हणणं विचारात घेतलेलं नाही. त्याला तळघरातल्या जुन्या फायलींकडे हलवण्यात यावं. निर्णय कायम.

ती बाहेर आली. बाबा उठून उभे राहिले. त्यांनी आधी खांद्याकडे पाहिलं, मग चेहऱ्याकडे.

"काय म्हणाले?"

"कोट आवडला, बाबा," ती म्हणाली. "अध्यक्षबाईंनी कॉलर उलटून पाहिली."

"आतली शिवण पाहिली?"

"पाहिली."

"मग झालं तर," शिंपीबाबा म्हणाले. डाव्या हाताने त्यांनी तिच्या खांद्यावरची न पडलेली सुरकुती सारखी केली. "मी आत्याला म्हटलंच होतं, कोट बघितला की काम होणार."

तिने मान डोलावली. मागे दारात धाकटा साहेब उभा होता. तिने त्याच्याकडे अशा काही नजरेने पाहिलं की, हे आता आयुष्यभर आपल्या दोघांतच राहायचं, हे त्याला न बोलता कळलं.

तिने नाव पटावरून जाऊ दिलं, आणि दुसऱ्या शहरात गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात काम धरलं. घरी सांगितलं की शेवटचं वर्ष तिकडच्या कॉलेजातून करायचं आहे. बाबांना त्यात वावगं काहीच वाटलं नाही. असा कोट पाहिल्यावर कुठलंही कॉलेज घेणारच.

बस सुटायला थोडा वेळ होता. आत्या बाबांना घेऊन सावलीत बसली, आणि मुद्दाम पाठ करून बसली. धाकट्या साहेबाने कोपर पुढे केलं.

"ही पुन्हा उसवली."

तिने बाही उलटून पाहिली.

"उसवली नाही. कापलीस. माझा टाका असा तुटत नाही."

"बरं... कापली."

तिने सुई काढली. वारा गार होता, तिची बोटंही. टाके ती फार सावकाश घालत होती. त्याने विचारलं, त्या दिवशी आत जे बोललो त्याचं उत्तर मिळेल का. ती म्हणाली, हलू नकोस, टोचेल. मग खाली बघूनच म्हणाली, "तू बाबांकडे जात जा. त्यांना सुईत दोरा ओवून देत जा. आत्याला आता जवळचं दिसत नाही."

"जाईन."

"आणि कोट दिसतोय कसा विचारलं, तर मी रोज घालते म्हणून सांग."

"घालशील?"

"कारखान्यात कोण घालू देणार." तिने डोळे पुसले नाहीत, कारण हातात सुई होती. "पण तू सांग."

कंडक्टरने हाक मारली. तिने दोरा दातांनी तोडला. तोच श्वास, तेच मनगट. ती चढली, खिडकीशी बसली, बस हलली, तेव्हा कुठे त्याने बाहीकडे पाहिलं. उसवण अर्धीच शिवली होती. पुढची तशीच उघडी होती, आणि सुई दोऱ्यासकट तिथेच टोचून ठेवली होती.

तो घरी चालत गेला. उघड्या अर्ध्यातून वारा आत येत होता. त्याने तो कोट पुढे कुणाला शिवू दिला नाही – शिंपीबाबांनी दोनदा मागितला, तरीही.