पाच सेकंदांनंतरची बाई

"एक सांगू?" एवढंच ती बाई म्हणाली आणि त्याने कोपराने तिचं तोंड बंद केलं.

म्हणजे मोबाइलचं हो! त्याच्या एका हातात चिमटा, दुसऱ्यात स्क्रू-ड्रायव्हर, डोळ्याला भिंग अडकवलेलं. समोर टेकवलेल्या मोबाइलवर कायम कुठला तरी व्हिडिओ चालू, आणि मधेच जाहिरात घुसली की 'पुढे जा'वर कोपर टेकवायचं, ही त्याची रीत. काउंटरच्या अलीकडे ओली छत्री घेऊन उभी असलेली मुलगी मात्र चांगलीच दचकली. दचकणार नाही तर काय? ती बाई म्हणजे तीच होती की!

जाहिरातींना आवाज देणं हे तिचं काम. लहानपणी इतकी बडबड करायची की बाबांनी तिचं नावच टकळी ठेवलं होतं. पुढे बडबडीचाच धंदा झाला, आणि गंमत बघा, बडबड बंद पडली. घसा जपायचा म्हणून बाई घरात हूं का चूं करायच्या नाहीत. बाहेरही बोलायची ती इतकी हळू, की जाहिरातीतला तो मधाळ आवाज हिचा असेल, असं कुणाला स्वप्नातही वाटलं नसतं.

"काय त्रास आहे हिचा!" तो मान वर न करता म्हणाला. "सकाळपासून 'एक सांगू, एक सांगू'. अगं बाई, नको सांगूस!"

"पण... काय सांगायचंय तिला?"

"कुणाला माहीत! पाच सेकंदांच्या पुढे मी कुणाला जाऊ देतो होय?"

"ऐकून तरी बघायचं एकदा."

आता त्याने भिंग काढलं. डोळ्याभोवती गोल वळ उमटला होता, आणि त्या गोलातून तो तिच्याकडे टकामका बघत राहिला. "तुम्ही तिच्या बाजूच्या दिसता."

"मी? मी कशाला कुणाच्या बाजूची..." ती पुटपुटली आणि बाबांचा टॅब पुढे सरकवला. "हा चार्ज होत नाहीये."

दुकानाच्या पाटीवर 'मोबाइलचा दवाखाना' लिहिलेलं, म्हणून त्याला सगळे डॉक्टर म्हणायचे. डॉक्टरांनी टॅब उघडला, फुंकर मारली, कुठे तरी डाग दिला. मग म्हणाले, "जाहिराती अडवायची सोयही यात घालून देऊ का? माझी आज त्या व्हिडिओवाल्यांनी मोडून काढली, पण नवीन तयार आहे. घरात अगदी शांतता."

शांतता! टकळीच्या घरात शांततेला काय तोटा होता? आई गेल्यापासून दोन खोल्यांत दोन माणसं, आणि बोलायचा तो फक्त फ्रिज. पण शेजारच्या खोलीत बाबांच्या टॅबवरून स्वतःचाच आवाज ऐकू आला की तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. बाबांनाही वैताग येत असणार बिचाऱ्यांना. शिवाय बाहेर पाऊस होता, दुकानात ऊब होती, आणि तो गोल वळ अजून पुरता गेला नव्हता.

"टाका," ती म्हणाली.

आणि मग लढाई जुंपली. तिकडे व्हिडिओवाली कंपनी, इकडे डॉक्टर. ते कुलूप बदलायचे, हा किल्ली बदलायचा. दर काही दिवसांनी टॅबवर पाटी झळकायची, 'जाहिराती अडवणारी सोय बंद करा, नाहीतर व्हिडिओ दिसणार नाही', आणि पाटी वाचून बाकीचं जग शिव्या घालत असताना टकळीचा चेहरा खुलायचा. लगेच केस विंचरून, टॅब काखोटीला मारून स्वारी दवाखान्यात हजर. जिचं पोट जाहिरातींवर, तीच जाहिराती घालवायला धावत निघायची. आता बोला!

"परत आलात?"

"परत अडलं."

"तुमच्याच टॅबवर त्यांचा डोळा दिसतोय."

"नाहीतर तुमचं औषध कच्चं असेल."

"कच्चं औषध दिलं की..." तो चिमट्याशी चाळा करत म्हणाला, "की पेशंट परत येतो." आणि स्वतःच कानापर्यंत लाल झाला. ती हसली. किती दिवसांनी हसली, ते तिचं तिलाच आठवेना.

एकदा तिने विचारलं, "दिवसभर व्हिडिओ कशाला लावून ठेवता? बघत तर नाही."

"कुणीतरी बोलत असलं म्हणजे बरं वाटतं हो. नाहीतर काय, दुकानातून घरी, घरातून दुकानात. दोन्हीकडे कुलूप लावणारा मीच आणि उघडणाराही मीच."

तिला म्हणायचं होतं, माझंही तसंच आहे. दिवसभर कुणाकुणाला 'एक सांगू?' विचारते, पण खरंच काही सांगावं असं माझ्याजवळ कुणी नाही. ओठांपर्यंत आलेलं तिने गिळलं आणि भलतंच विचारलं, "मग ती बाई आपणहून बोलते, तिला का गप्प करता?"

"ती माझ्याशी कुठे बोलते? तिला काहीतरी विकायचंय."

लागलं तिला ते. त्या दिवसापासून ती घाबरायलाच लागली. जो माणूस आपल्याला एवढा आवडायला लागलाय, त्याला आपल्या आवाजाचाच तिटकारा! एकदा का याला कळलं, की आपण काहीही गोड बोललो तरी याला वाटणार, ही विकायला बसलीय. तिने ठरवून टाकलं... सांगायचं नाही.

घरी वेगळंच चाललं होतं. बाबा पूर्वी खिडकीशी बसून दिवसभर टॅबवर सुतारकामाचे व्हिडिओ बघायचे. हल्ली टॅब पालथा पडलेला असायचा. ताटात अर्धं जेवण तसंच.

"बाबा, बरं वाटत नाही का?"

"मला काय झालंय?"

"आता जाहिरातींचा त्रास नाही ना?"

"नाही. एकही येत नाही," बाबा म्हणाले आणि खिडकीकडे तोंड करून बसले.

वय झालं, दुसरं काय, असं तिने मनाशी म्हटलं. मग ती कपाटात शिरली. आवाज घुमू नये म्हणून ती रजया टांगलेल्या कपाटात बसूनच रेकॉर्डिंग करायची. दार लावून घेतलं आणि अंधारात, रजयांना, ती गोड आवाजात विचारत राहिली, "कसे आहात?" बाहेर बाबा एकटे बसून होते.

मग तो दिवस उजाडला. ती स्टुडिओतून घरी आली तर दाराला कुलूप. फाटकाबाहेर पाऊल न टाकणारे बाबा गेले कुठे? स्वतःजवळच्या किल्लीने दार उघडून बघितलं तर टॅबही जागेवर नाही. ती तशीच उलट्या पावली धावत सुटली.

बाबा दवाखान्यात स्टुलावर बसले होते. टॅब काउंटरवर. ती दारातच थबकली.

"अहो काका, असं काय करता?" डॉक्टर समजूत घालत होते. "लोक त्या बाईला घालवायला येतात माझ्याकडे!"

"लोकांची बाई असेल. माझी मुलगी आहे ती."

डॉक्टरांच्या हातातला चिमटा खाली पडला.

"घरात बोलत नाही ती," बाबा सांगत होते. "घसा जपावा लागतो ना. मीही बोलायला लावत नाही, उगाच ताण नको पोरीला. टॅबवर आली की तेवढं ऐकायचो. शेवटपर्यंत. तुमच्या सोयीने माझी पोर घरातून गेली हो, डॉक्टर. तेवढी परत आणून द्या."

"बाबा..."

दोघांनी वळून पाहिलं. टकळीचा चेहरा रडवेला झाला होता. ती येऊन स्टुलाशी खालीच बसली. "मला वाटलं तुम्हाला वैताग येतो माझा."

"खुळी का काय तू टकळे?" बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि मग तिला रडू आवरेना. भर दुकानात रडली ती.

"म्हणजे... तुम्ही? ती?" डॉक्टरांनी टॅबकडे बोट दाखवलं. "बोलला का नाहीत?"

"कोपर मारलं असतंत ना!" ती डोळे पुसत म्हणाली.

तो हसला नाही. गुपचूप टॅबमधली सोय काढून टाकली, एक व्हिडिओ लावला. दोन जाहिराती भलत्याच आल्या, त्यांच्यापुढेही तो मुकाट बसला. आणि मग आली ती.

"एक सांगू?"

सवयीने कोपर उचललं गेलं. त्याने ते मागे घेतलं, भिंग काढून ठेवलं आणि दोन्ही हात मांडीवर घेऊन शाळेतल्यासारखा बसला. पाच सेकंद गेले. बाई पुढे बोलत राहिली, "दिवसभर सगळ्यांचं सगळं केलंत. पण तुम्हाला विचारलं का कुणी, कसा गेला दिवस? या, जरा पाठ टेका. आता काही बोलायला नको. मी आहे ना."

गादीची जाहिरात होती. तरी त्याचे डोळे भरून आले.

बाबा उठले. त्यांच्याकडे मोबाइल नव्हता, तरी पाठ फिरवून ते मोबाइलची कव्हरं निरखायला लागले.

"कसा गेला दिवस?" डॉक्टरांनी हळूच विचारलं.

"काय विकताय?"

"काही नाही गं. खरंच विचारतोय." 'गं' कसं निसटलं, त्याचं त्यालाच कळलं नाही. "आवडतेस तू मला. तू आलीस की हा मोबाइल लावून ठेवावासा वाटत नाही."

टकळी टॅबच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. "पण सोय तर काढून टाकलीस. आता मी यायचं तरी कशाला?"

"विनाकारण ये."

तिने वर बघितलं. रडून रडून आवाज पार फाटला होता. कुठल्याही स्टुडिओने परत पाठवला असता असा.

"एक सांगू?" ती म्हणाली.

त्याने हात लांब करून समोर चालू असलेला मोबाइल बंद केला.

"सांग," तो म्हणाला.